अंगावरून वारे गेलेल्यांची मोजदाद



एखाद्या धडधाकट माणसाचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले, तोंड वाकडे झाले, वाचा बसली, की आपल्याकडे घरची माणसे म्हणतात, ‘त्यांच्या अंगावरून वारे गेले.’ शिकलेला मनुष्य ह्यालाच पक्षाघात म्हणतो. इंदूर-हैदराबादकडे लकवा म्हणतात. आणि आयुर्वेदात हा रोग वातव्याधींत मोडत असल्यामुळे अर्धांगवायू हे नावही घरोघरी रूढ आहे. नाव कोणतेही घ्या, कल्पना बहुधा एकच : बाहेरून काहीतरी आले आणि माणसाला पाडून निघून गेले. ग्रीक वैद्यांनी ह्या रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थ ‘हाणून पाडणे’ असाच होतो आणि इंग्रजीतील ‘स्ट्रोक’ म्हणजे तरी तडाखाच. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील वैद्यांनी तर जबर झटक्यातला रोगी बरा होत नाही आणि हलक्या झटक्यातलाही सहजी बरा होत नाही, असे सांगून हात टेकले होते.

हे वारे बाहेरून येत नसून मेंदूतील रक्तवाहिन्यांतच बिघाड होतो, हे दाखवण्याचे बरेचसे श्रेय स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर ह्या वैद्याला जाते. पक्षाघाताने मेलेल्यांची शवचिकित्सा करून, त्यांच्या मेंदूत साकळलेले रक्त पाहून त्याने १६५८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे एकोणिसाव्या शतकात फिर्खो ह्या जर्मन पंडिताने रक्ताची गुठळी वाहिनीत कशी अडकते ते उलगडले. तेव्हापासून ह्या रोगाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात : एकात वाहिनी फुटते, दुसऱ्यात ती तुंबते. हा सारा इतिहास युरोपातला आणि तो पुष्कळदा सांगितला गेला आहे. आज मला बोलायचे आहे ते दुसऱ्याच, कमी सांगितल्या गेलेल्या इतिहासाविषयी. गरीब देशांत ह्या रोगाने किती माणसे पडतात, किती मरतात, हे मोजायचे कोणी, आणि कोठे बसून?

१९२९ साली ‘लॅन्सेट’ ह्या सुप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात डॉ. सी. पी. डॉनिसन ह्यांचा एक छोटासा लेख आला. हे गृहस्थ केनियात, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या दक्षिण कॅविरोंडो भागात सरकारी डॉक्टर होते. त्यांनी तेथील एक हजार रहिवाशांचा रक्तदाब मोजला. चाळिशीपर्यंत तो युरोपियनांसारखाच चढत जातो, पण त्यापुढे चढण्याऐवजी उतरतो, असे त्यांना आढळले. शिवाय दोन वर्षांत त्यांच्या इस्पितळात सुमारे १८०० रोगी दाखल झाले. त्यांत वाढलेल्या रक्तदाबाचा एकही नव्हता. ह्यावरून, आणि अशाच इतर निरीक्षणांवरून, उष्ण कटिबंधातील साध्यासुध्या माणसांना हा रोग होत नाही, तो सुधारलेल्या जगाचा रोग आहे, असा समज वैद्यकात दृढ झाला.

डॉनिसन ह्यांनी मोजमापात लबाडी केली असे मला मुळीच सुचवायचे नाही. त्यांची मापे खरी असावीत. मीठ बेताचे, चालणे भरपूर, आणि अंगावर मेद नाही अशा समाजात रक्तदाब कमीच राहतो, हे पुढे जगात इतरत्रही दिसून आलेले आहे. पण रक्तदाबाच्या मापाला इस्पितळातील रोग्यांची संख्या जोडली गेली, तेव्हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. त्या मुलखात साठीचा म्हातारा अर्धे अंग लुळे पडून झोपडीत कोसळला, तर त्याला कित्येक मैल उचलून गोऱ्या डॉक्टरच्या इस्पितळात कोण नेणार होते? आणि नेऊन तेथे त्याच्यावर कोणता उपाय होणार होता? मलेरिया झालेला जवान मजूर इस्पितळात जाई, प्रसूतीत अडलेली स्त्री कदाचित जाई. अंगावरून वारे गेलेला म्हातारा घरीच राही. इस्पितळाच्या वहीला तो कधी दिसलाच नाही.

समज बदलायला एक पिढी लागली. १९२९ पासून सुमारे तीस वर्षे केनिया-युगांडात काढलेले डॉ. ह्यू ट्रॉवेल ह्यांनी आफ्रिकेतील असंसर्गजन्य रोगांवर १९६० साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तोवर वाढलेला रक्तदाब कंपालाच्या इस्पितळात नवलाचा राहिला नव्हता. शहरे वाढली होती, आहार बदलला होता, माणसे अधिक वर्षे जगू लागली होती. पण रोग किती वाढला आणि दिसू किती लागला, हा हिशेब मात्र इस्पितळात बसून सुटणारा नव्हता.

ह्याचे कारण जरा खुलाशाने सांगितले पाहिजे. इस्पितळातील मृत्युमान हा वस्तुतः एक साधा भागाकार. दाखल झालेले खाली, तेथे मेलेले वर. गरीब देशात ह्या अपूर्णांकाचे दोन्ही मजले गळके असतात. ज्याचा हात थोडासा जड झाला तो भाडे खर्चून शहरात जात नाही. तो चार दिवस वाट पाहतो, तेल चोळून घेतो, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो ते लावतो. ज्याच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला तो वाटेतच संपतो. राहिले मधले, त्यांतलेही जे बेशुद्ध आहेत त्यांनाच घाबरून नेले जाते. म्हणून पुष्कळ गरीब देशांच्या इस्पितळांत पक्षाघाताचे मृत्युमान भयंकर दिसते. त्याच वेळी वरच्या मजल्यावरून माणसे निसटत असतात, ती अशी.

आमचे गाव खानापूर तालुक्यातले. १९८२ सालच्या पावसाळ्यात माझे थोरले काका पहाटे गोठ्यात पडले. उजवे अंग गेले, बोलणे गेले. गावात गाडी नव्हती. दुपारी एक ट्रक मिळाला आणि संध्याकाळी शहरातील एका मोठ्या इस्पितळात त्यांना खाट मिळाली. त्या लांबलचक दालनात रात्री एकच परिचारिका होती. काका शुद्धीवर होते, खुणेने पाणी मागत होते. दिवसभर पोटात काही नाही म्हणून काकूने दुसऱ्या दिवशी घरून पेज आणवली आणि ते आडवे असतानाच चमच्याने भरवली. त्यांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, तरी काकू भरवीत राहिली; माउलीला वाटले, जितकी जाईल तितकी बरी. पक्षाघाताच्या रोग्याचा घसाही अर्धा लुळा पडलेला असतो, त्याला बसवल्यावाचून आणि घोटभर पाणी पाजून पारखल्यावाचून काही भरवू नये, हे तिला कोणी सांगितले नाही. सांगायला तेथे कोणी नव्हतेच. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत घरघर सुरू झाली. पाचव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी आमच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, की आता घरी नेलेले बरे. सातव्या दिवशी काका गेले, आपल्याच घरात, देवघरासमोर.

इस्पितळाच्या कागदावर शेरा आहे : ‘नातलगांच्या इच्छेवरून घरी सोडले.’ म्हणजे त्या वर्षीच्या हिशेबात माझे काका जिवंत बाहेर पडलेल्यांत मोडतात.

हे सांगण्यात त्या इस्पितळाविषयी राग नाही. निदान आता नाही. सांगायचे ते हे, की काकांच्या मेंदूतील बिघाडाने ते गेले नाहीत. ते न्यूमोनियाने गेले, आणि न्यूमोनिया पेजेने झाला. पक्षाघाताने पहिल्या दोन-तीन दिवसांत होणारे मृत्यू बहुधा मेंदूला आलेल्या सुजेचे किंवा रक्तस्रावाचे असतात आणि त्यांतील कित्येकांपुढे आजही वैद्यकाचे फारसे चालत नाही. त्यानंतरचे पुष्कळ मृत्यू मात्र छातीतील जंतुसंसर्गाचे, शय्याव्रणांचे, लघवीच्या मार्गातील संसर्गाचे, पायातील गुठळी फुप्फुसात जाऊन बसल्याचे असतात. ह्यांतल्या कशालाही मोठे यंत्र लागत नाही. कूस बदलणारे हात लागतात, तापमान पाहणारे डोळे लागतात.

असो. इस्पितळाच्या वहीवर विसंबता येत नाही हे उमगल्यावर काही डॉक्टर उंबरठे झिजवायला निघाले. आपल्या देशातला पहिल्या प्रयत्नांपैकी एक वेल्लोरचा. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी १९६८-६९ च्या सुमारास अडीच लाखांवर लोकवस्तीत अर्धांगाचे रोगी शोधले आणि निष्कर्ष १९७० साली प्रसिद्ध केले : वर्षाला दर लाखामागे १३ नवे रोगी, आणि लाखामागे सुमारे ५७ हयात असलेले. पुढे १९७१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने युरोप, आशिया व आफ्रिकेतील १७ ठिकाणी एकाच पद्धतीच्या नोंदवह्या ठेवविल्या. त्यांत आपले रोहतक होते, श्रीलंकेतील कोलंबो होते, मंगोलियातील उलान बातोर होते आणि नायजेरियातील इबादान होते. इबादानची नोंदवही डॉ. ओसुंतोकुन ह्या नायजेरियन मेंदूविकारतज्ज्ञांनी सांभाळली; दोन वर्षांत तीनशेहून अधिक रोगी तीत नोंदले गेले. ‘हा रोग आमच्याकडे नाही’ ह्या म्हणण्याला आफ्रिकेच्याच एका विद्वानाने दिलेले हे उत्तर.

ह्या उपक्रमातून पक्षाघाताची एक व्याख्या रूढ झाली आणि ती मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. मेंदूच्या कार्यात एकाएकी उत्पन्न झालेला बिघाड, जो चोवीस तासांहून अधिक टिकतो किंवा मृत्यूत परिणमतो, आणि ज्याला रक्तवाहिन्यांवाचून दुसरे कारण दिसत नाही, तो पक्षाघात. ह्या व्याख्येत यंत्र नाही. घड्याळ आणि नीट पाहणारा मनुष्य एवढे असले की रोहतकच्या खेड्यातही ती लावता येते. गरीब देशांच्या अडचणी जाणणाऱ्या शहाण्या माणसांनी ती केली असली पाहिजे.

पण ह्याच सुमारास यंत्र येत होते, आणि त्याच्या जन्मात एक चमत्कारिक योगायोग आहे. १९५६ साली केपटाऊनच्या ग्रूट श्यूर इस्पितळात अ‍ॅलन कॉर्मॅक हे तरुण पदार्थवैज्ञानिक आठवड्यातून थोडा वेळ काम करीत. क्ष-किरण शरीरातील वेगवेगळ्या जागी किती शोषले जातात हे बाहेरून मोजून आतला नकाशा गणिताने कसा काढता येईल, हा विचार त्यांच्या डोक्यात तेथे शिरला. त्यांनी १९६३ व १९६४ साली त्यावर दोन निबंध लिहिले; कोणी फारशी दखल घेतली नाही. इंग्लंडात गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्यांनी स्वतंत्रपणे यंत्र बांधले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील एका इस्पितळात पहिल्या रोगी स्त्रीच्या मेंदूचे चित्र घेतले. १९७९ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. हाच आपला सी. टी. स्कॅन. वाहिनी फुटली की तुंबली, हे जिवंत माणसात खात्रीने सांगणारे हे पहिले साधन, आणि ह्या एका प्रश्नावर उपचार अवलंबून. तुंबलेल्याला अ‍ॅस्पिरिन हितकर, फुटलेल्याला ती घातक. १९९५ साली गुठळी विरघळविणारे औषध लाभदायक असल्याचे सिद्ध झाले. तेही प्रथम तीन आणि पुढे साडेचार तासांच्या आत द्यायचे, आणि स्कॅन केल्यावाचून देताच येत नाही. ज्या खंडातल्या इस्पितळात ह्या यंत्राची कल्पना अंकुरली, त्या खंडातील कितीतरी जिल्ह्यांत ते पोहोचायला पुढची अनेक दशके गेली. काही ठिकाणी ते अद्याप पोहोचलेले नाही.

यंत्र नसतानाही मोजदाद किती काटेकोर होऊ शकते, ह्याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण टांझानियाचे आहे. तेथील आरोग्य मंत्रालयाने इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या साहाय्याने १९९२ साली प्रौढांच्या आजारांची व मृत्यूंची एक मोठी पाहणी सुरू केली. तीन मुलूख निवडले : राजधानीसारखे मिरवणारे दार-एस-सलाम शहर, किलिमांजारो पर्वताच्या उतारावरचा कॉफीच्या बागांचा बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असा हाई जिल्हा, आणि मोरोगोरोचा गरीब ग्रामीण भाग. बहुतेक माणसे घरीच मरत. मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर नाही, शवचिकित्सेचा तर प्रश्नच नाही. तेव्हा गावोगावी नेमलेल्या माणसांनी मृत्यू घडताच कळवायचे, आणि मग सुतकाचे दिवस सरल्यावर प्रशिक्षित कार्यकर्त्याने त्या घरी जाऊन जवळच्या नातलगाला विचारायचे : शेवटचे आजारपण कसे सुरू झाले? एकाएकी की हळूहळू? एक बाजू गेली होती का? बोलणे फिरले होते का? किती दिवस काढले? ही उत्तरे मग डॉक्टर वाचीत आणि कारण ठरवीत. ह्या पद्धतीला तोंडी शवचिकित्सा म्हणतात. एखाद्या विधवेसमोर बाकावर बसून पतीच्या अखेरच्या घटका विचारून लिहून घेणे हे काम किती नाजूक असेल, ह्याची कल्पना करावी.

तीन वर्षांत १५ वर्षांवरील ७६२९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतील ४२१ पक्षाघाताचे ठरले. डॉ. रिचर्ड वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००० साली प्रसिद्ध केले, तेव्हा वाचणाऱ्यांचे डोळे विस्फारले ते एका तुलनेने. पंधरा ते चौसष्ट वर्षांच्या, म्हणजे हातीपायी धड आणि कमावत्या वयाच्या पुरुषांत, दर लाखामागे वर्षाला पक्षाघाताचे मृत्यू इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे ११ होते, दार-एस-सलाममध्ये ६५. गरीब मोरोगोरोतही ३५. स्त्रियांत इंग्लंडचा आकडा ९ च्या आसपास, दार-एस-सलामचा ८८. डॉनिसन ह्यांच्या लेखाला तेव्हा एकाहत्तर वर्षे झाली होती. सुधारलेल्या जगाचा म्हणून गणलेला रोग न सुधारलेल्या जगात, आणि तोही तरुण वयात, कितीतरी पट माणसे नेत होता.

पुढे २००३ ते २००६ ह्या तीन वर्षांत ह्याच मंडळींनी हाई आणि दार-एस-सलाममध्ये नवे रोगी टिपले. ६३६ सापडले. वयोमानाचा फरक काढून टाकल्यावर हाईत दर लाखामागे सुमारे १०९ आणि दार-एस-सलाममध्ये सुमारे ३१६ हे प्रमाण निघाले. शेवटचा आकडा तोवर जगात नोंदलेल्या अत्युच्च आकड्यांपैकी होता. किलिमांजारोच्या उतारावर लोक रक्तदाबाला आणि चिंतेला दोष देत. दार-एस-सलाममध्ये पुष्कळांना हे भुताखेतांचे, जादूटोण्याचे काम वाटे आणि ते आधी मांत्रिकाकडे जात. शहर म्हणजे शहाणपण, ही आपली समजूत येथे उलटी पडली.

दक्षिण आफ्रिकेच्या अगिनकोर्ट भागातील २००१ ची पाहणी ह्या चित्राला आणखी एक बाजू जोडते. तेथे मेलेल्यांऐवजी वाचलेल्यांचा शोध घेतला. बेचाळीस हजारांवर प्रौढांत १०३ माणसे पक्षाघातातून वाचून जगत होती. श्रीमंत देशांच्या मानाने हे प्रमाण कमी. पण त्यांतील दोन तृतीयांशांना जेवणे, न्हाणे, कपडे घालणे ह्यांपैकी कशाला तरी दुसऱ्याचा हात लागत होता. म्हणजे हलका झटका आलेले वाचतात आणि जबर झटका आलेले मरतात, असेही नव्हे. पांगळे होऊन जगणारे श्रीमंत देशांइतकेच, फक्त बरे होऊन जगणारे थोडे. ह्या १०३ पैकी ७१ टक्क्यांचा रक्तदाब वाढलेला होता. त्यावर औषध घेणारे किती? आठ. रोज अ‍ॅस्पिरिन घेणारा? एक.

आपल्याकडचे आकडे ह्याच काळातले आहेत. मुंबईतील पक्षाघाताची नोंदवही डॉ. पी. एम. दलाल ह्यांच्या देखरेखीखाली २००५-०६ मध्ये दीड लाखावर वस्तीत ठेवली गेली : वर्षाला लाखामागे १४५ नवे रोगी, आणि अठ्ठावीस दिवसांत मरणारे शेकडा तीसच्या घरात. वेल्लोरचे १३ आणि मुंबईचे १४५ ह्यांतील अंतर म्हणजे सगळीच रोगाची वाढ नव्हे. पुष्कळसे श्रेय शोधणाऱ्यांच्या पायपिटीला आहे. कोलकात्यात तीस दिवसांतले मृत्यू शेकडा ४१ निघाले. आणि केरळात, जेथील आरोग्यव्यवस्थेचे आपण नेहमी कौतुक करतो आणि ते रास्तच आहे, तेथे तिरुवनंतपुरम शहरात अठ्ठावीस दिवसांत शेकडा साडेचोवीस रोगी गेले, तर भोवतालच्या खेड्यांत शेकडा सदतीस. रोग होण्याचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच होते. फरक पडला तो झटका आल्यानंतरच्या काळात. खेड्यातल्या शंभरांतली ही बारा-तेरा जास्तीची माणसे रस्त्याने आणि शुश्रूषेच्या उणिवेने नेली, असे मी म्हणालो तर तज्ज्ञ मला पुरावा मागतील. तरीही काकांना ज्यात घातले तो ट्रक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

जगाचा एकत्रित हिशेब २००९ साली डॉ. व्हॅलेरी फायगिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. चार दशकांत श्रीमंत देशांत पक्षाघाताचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत ते दुपटीहून अधिक झाले. २०२१ साली जगात सुमारे १ कोटी १९ लाख नवे रोगी आणि सुमारे ७३ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्या मृत्यूंतील पाचांतले चारांहून अधिक श्रीमंत देशांबाहेरचे.

मग इस्पितळातील मृत्यू कमी कशाने होतात? ह्याचे उत्तर १९९३ साली मिळाले होते आणि ते औषधाचे नव्हते. ग्लासगोचे डॉ. पीटर लँगहॉर्न व इतरांनी तोवर झालेल्या दहा प्रयोगांची बेरीज केली. पक्षाघाताचे रोगी इस्पितळात इतस्ततः विखुरण्याऐवजी एका कक्षात ठेवावेत. तेथे ह्याच रोगाची सवय झालेल्या परिचारिका, व्यायाम देणारे, बोलायला शिकविणारे असावेत. रोगी गिळू शकतो की नाही हे आधी पाहावे, त्याला लवकर उठवून बसवावे. एवढ्यानेच पहिल्या चार महिन्यांतले मृत्यू शेकडा अठ्ठावीसने कमी झाले. ‘हे श्रीमंतांचे चोचले’ असे कोणाला वाटले असेल, तर त्याच लँगहॉर्न ह्यांनी २०१८ साली २८ देशांतील १०८ इस्पितळांचा आढावा प्रसिद्ध केला : गरीब देशांतील रोगी अधिक गंभीर अवस्थेत येतात, त्यांना सोयी कमी मिळतात, पण असा कक्ष जेथे आहे तेथे, देश कोणताही असो, धडपणे वाचणाऱ्यांचे प्रमाण अधिक आहे.

मनुष्यबळ अपुरे म्हणून हे काम कुटुंबावर सोपवता येईल का, हेही आपल्या देशात तपासून झाले. भारतातील १४ इस्पितळांतील १२५० रोग्यांच्या घरच्यांना शिकवून घरी व्यायाम व शुश्रूषा करविण्याचा प्रयोग झाला आणि त्याचा निकाल २०१७ साली जाहीर झाला. फायदा दिसला नाही. आपल्या कुटुंबवत्सलतेचा आपल्याला अभिमान असतो. म्हणून हा निकाल मला मुद्दाम सांगावासा वाटला. काकूच्या मायेत काही कमी नव्हते.

राहता राहिला झटका येऊच न देण्याचा मार्ग, आणि तो चालून दाखविला जपानने. १९५१ ते १९८० पर्यंत जपानात मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण पक्षाघात हेच होते. ईशान्येकडील अकिता प्रांतात, जेथे खारवलेल्या भाज्या आणि मासे ह्यांवर हिवाळा काढीत, हा रोग विशेष बोकाळला होता. तेव्हा जपान आजच्यासारखा धनाढ्य नव्हता. १९६३ पासून अकितातील इकावा ह्या खेड्यात दरवर्षी घरोघरच्या माणसांचा रक्तदाब मोजू लागले, मीठ कमी करायला सांगू लागले, औषध घेणाऱ्यांवर लक्ष ठेवू लागले. इतरत्रही असेच झाले आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत जपानातील पक्षाघाताचे मृत्युमान इतके घसरले की जगात त्याला तोड थोडी. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना ह्यांनी मिळून रक्तदाब-नियंत्रणाचा असाच उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र ह्या राज्यांतील काही जिल्हे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रावर मोजणी, ठरावीक स्वस्त गोळ्या, आणि पुढच्या महिन्यात जो आला नाही त्याचा शोध, एवढाच त्याचा गाभा.

काकांचे इस्पितळातले कागद काकूने पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. ती गेल्यावर ते माझ्याकडे आले. पहिल्याच पानावर, दाखल केल्याच्या वेळेपुढे, रक्तदाबाचा आकडा आहे : २२० आणि १३०. त्या दिवशी काकांचे वय एकोणसाठ होते. गावात तोवर डॉक्टर नव्हता, काका कधी दवाखान्याची पायरी चढले नव्हते, आणि त्यांच्या दंडाला ती पट्टी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच गुंडाळली गेली होती.